सत्तर किलोंचं ग्लायडर: कायदा काय म्हणतो आणि ते हवेत जातं कसं

गेल्या महिन्यात माझा भाचा मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मामा, हे वाच. सत्तर किलोंच्या आतलं ग्लायडर असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. आराखडे नेटवर फुकट मिळतात. आपण बनवूया का?" आम्ही मुलुंडला बिल्डिंगच्या गच्चीवर उभे होतो. समोर नॅशनल पार्कचे डोंगर होते आणि त्यांच्यावर पाच-सहा घारी पंख न हलवता गोल गोल वर चढत होत्या.

त्याने वाचलं ते खरं आहे, पण अमेरिकेपुरतं. मी बरीच वर्षं कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. त्याला उत्तर देताना मला एक गोष्ट नीट उमगली. लोक नियम वेगळे विचारतात आणि उड्डाणाची पद्धत वेगळी विचारतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वजन. किती किलोंवर कायदा तुम्हाला अडवतो आणि किती किलोंवर तुमचे पाय तुम्हाला अडवतात, हे कळलं की सगळा विषय उलगडतो.

आधी ग्लायडर म्हणजे काय ते पाहू. ग्लायडर म्हणजे इंजिनाच्या जोरावर नाही, तर नुसत्या पंखांवर उडणारं यंत्र. ते स्थिर हवेत सतत खालीच येत असतं. उतारावर पॅडल न मारता सायकल जाते, तसं ते हवेतून घसरत पुढे जातं. फरक फक्त उताराचा. पॅराग्लायडर 1 मीटर खाली येईपर्यंत साधारण 9-10 मीटर पुढे जातं, हँग ग्लायडर 15 मीटरच्या आसपास, चांगलं अल्ट्रालाइट सेलप्लेन, म्हणजे हवेत टिकून राहण्यासाठी बनवलेलं अतिहलकं ग्लायडर, 25 ते 30 मीटर, आणि स्पर्धेत उडणारं मोठं ग्लायडर 45-50 मीटर. आता भोवतालची हवाच वर जात असेल, आणि ग्लायडर उतरतं त्यापेक्षा वेगाने जात असेल, तर ग्लायडर उतरता उतरता वर चढतं. सरकत्या जिन्यावरून उलट्या दिशेने सावकाश उतरणाऱ्या माणसासारखं. घार हेच करते.

अल्ट्रालाइट सेलप्लेनची खरी ताकद लांब जाण्यात नाही, हळू उतरण्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये बनणारं आर्किऑप्टेरिक्स घ्या. रिकामं वजन 54 किलो, पंखांचा पसारा 13.6 मीटर, ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग असला तरी हवेत टिकतं, आणि सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा खाली येत नाही. इतकं हलकं आणि इतकं सावकाश असल्यामुळे ते लहानशा, अशक्त उचलीतही गिरक्या घेऊ शकतं, जिथून मोठं ग्लायडर नुसतं निघून जाईल. याच घराण्यातलं स्विफ्ट हे 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मलं आणि आता बेल्जियममध्ये बनतं. जिम मॉपिन यांचं कार्बन ड्रॅगन घरी बांधण्यासाठी रचलेलं होतं. आणि माझा भाचा ज्याचे आराखडे बघत होता ते माइक सँडलिन यांचं गोट. उघड्या सांगाड्यावर कापड ताणलेलं आणि पायलट पुढे मोकळ्या हवेत बसलेला. त्यांनी आराखडे खरोखरच सगळ्यांना खुले ठेवले आहेत, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

अमेरिकेतली सवलत नेमकी काय आहे

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत 103 क्रमांकाचा भाग 1982 मध्ये आला. त्यात एकट्या माणसासाठीच्या, फक्त छंद किंवा खेळ म्हणून उडवायच्या अतिहलक्या यंत्रांना वेगळं काढलं. इंजिन नसेल तर वजन 155 पौंडांच्या आत हवं, म्हणजे साधारण 70 किलो. इंजिन असेल तर 254 पौंडांच्या आत, म्हणजे 115 किलो. या मर्यादेत बसलात तर यंत्राची नोंदणी नाही, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र नाही, पायलटचा परवानाही नाही.

इथे एक गंमतशीर वळण आहे, आणि बांधणारे लोक त्याचा पुरेपूर उपयोग करतात. सेलप्लेनला छोटी मोटर बसवली की ते इंजिनवाल्या वर्गात जातं आणि वजनाची मर्यादा थेट 45 किलोंनी वाढते. मोटर आणि बॅटरी मिळून 25 किलो भरली, तरी मजबूत पंखासाठी 20 किलो शिल्लक राहतात. बदल्यात काही अटी येतात: सपाट उड्डाणात वेग 55 नॉटच्या वर जाता कामा नये, म्हणजे ताशी सुमारे 102 किलोमीटर, इंजिन बंद असताना हवेत टिकण्याचा किमान वेग 24 नॉटच्या आत हवा, म्हणजे ताशी 44 किलोमीटर, आणि इंधनाची टाकी 5 गॅलनपेक्षा, म्हणजे 19 लिटरपेक्षा मोठी नको.

पण परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असं नाही. माझ्या भाच्याने ते पान खालपर्यंत वाचलंच नव्हतं. उड्डाण मुख्यतः सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच. शहर, गाव किंवा दाट वस्तीवरून उडायचं नाही, उघड्यावर जमलेल्या गर्दीवरूनही नाही. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात आधी परवानगी घेतल्याशिवाय जायचं नाही. जमीन डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे, ढगांपासून ठरलेलं अंतर ठेवलं पाहिजे. इतर सगळ्या विमानांना वाट तुम्ही द्यायची. नियमांमागचा विचार मला पटतो: एक माणूस, हलकं यंत्र, कमी वेग, मोकळं रान. चुकलंच तर धोका मुख्यतः उडणाऱ्याला, खाली उभ्या असलेल्या कुणाला नाही. यातली एकही बाजू निखळली की सवलतीचा आधारच जातो.

हाच नियम सगळीकडे आहे असंही नाही. जर्मनीत 120 किलोंच्या आतल्या यंत्रांचा वेगळा वर्ग आहे आणि यंत्राच्या मंजुरीत सूट आहे, पण उडवणाऱ्याला परवाना लागतो. हवाई खेळांची जागतिक संघटना अल्ट्रालाइट ग्लायडरची व्याख्या पायलटसकट एकूण 220 किलो अशी करते, ती विक्रमांसाठी आणि स्पर्धांसाठी. तेव्हा कुणी "अल्ट्रालाइट" म्हटलं की आधी विचारावं, कोणत्या देशाचं, आणि रिकामं वजन की भरलेलं?

आपल्याकडे

आपल्या 1934 च्या विमान कायद्यातली "विमान" या शब्दाची व्याख्या प्रत्येक हौशी माणसाने एकदा वाचावी अशी आहे. हवेच्या प्रतिक्रियेने वातावरणात आधार मिळवणारं कोणतंही यंत्र म्हणजे विमान, आणि त्यात फुगे, ग्लायडर आणि चक्क पतंगही येतात. संक्रांतीच्या पतंगासाठी कुणी परवाना मागत नाही, पण ग्लायडर हे कायद्याने विमानच आहे. "इंजिन नाही, म्हणजे विमान नाही" हा युक्तिवाद आपल्याकडे पहिल्याच वाक्यात संपतो. त्या जुन्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने घेतली आहे. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला.

म्हणजे अमेरिकेतली 70 किलोंची सवलत त्या ग्लायडरसोबत खोक्यात बसून न्हावाशेवाला उतरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही आपली नियामक संस्था. ग्लायडर पायलटचा परवाना हा आपल्या नियमांत स्वतंत्र प्रकार आहे.

2022 मध्ये केंद्राने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं. ग्लायडिंग, हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, बलून, घरी बांधलेली विमानं, असे खेळ पहिल्यांदा एका छत्राखाली आले. वर एक शिखर संस्था, तिच्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, मग राज्य आणि जिल्हा पातळी, अशी रचना त्यात आहे. सेवा देणाऱ्यांनी आपली आणि आपल्या मुख्य साधनांची नोंदणी त्या त्या संघटनेकडे करायची आहे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवणारा जो नकाशा ड्रोनवाल्यांना माहीत आहे, त्याचाच आधार इथे घेतला आहे. महाराष्ट्र सरकारचंही 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, ते व्यवसाय म्हणून उड्डाणं घडवणाऱ्यांना लागू होतं.

घरी ग्लायडर बांधायची इच्छा असेल तर पहिली अॅल्युमिनियमची नळी विकत घेण्याआधी डीजीसीएकडे आणि संघटनेकडे लेखी विचारणा करावी. बांधून झाल्यावर विचारणं म्हणजे दोन वर्षांची मेहनत पणाला लावणं आहे.

आणि मुंबई? मुंबईत नाहीच. हे मी वाईट वाटून सांगतो, पण स्पष्ट सांगतो. शहराच्या मधोमध देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे, जुहूला हेलिकॉप्टरची ये-जा आहे, आता नवी मुंबईचं विमानतळही आहे. तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र आणि मलबार हिलवरचं पारशी समाजाचं टॉवर ऑफ सायलेन्स यांच्यावरून उड्डाणाला मनाई आहे. त्यावर मुंबई पोलीस ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात आणि मुदत संपली की पुन्हा काढतात. पूर्वी ते कलम 144 खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, गरम हवेचे फुगे अशी नावं घेऊन बंदी असते. मोडल्यास गुन्हा दाखल होतो. जुहूच्याच धावपट्टीवर 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. त्या वेळचं मोकळं आकाश आज राहिलेलं नाही.

कायदा नसता तरी मुंबई ग्लायडरला फारशी लाभली नसती. आपण शाळेत शिकलो ते खारे वारे आठवा. दुपारी समुद्रावरून येणारी थंड, दमट हवा जमिनीलगत पसरते आणि तापलेल्या हवेचे वर जाणारे स्तंभ, ज्यांना पायलट थर्मल म्हणतात, ते किनाऱ्यालगत मारून टाकते. खरी मजा घाटापलीकडे मावळात सुरू होते.

वर जायचं कसं

आता माझ्या आवडीचा भाग. इंजिन नसलेलं ग्लायडर वर न्यायला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. ती डोंगर देतो, माणसं देतात, गाडी देते, दुसरं विमान देतं किंवा बॅटरी देते.

सर्वांत साधी रीत म्हणजे उतारावरून पळणं. हिशोब करू. ग्लायडरला हवेत टिकायला ताशी 30 किलोमीटर वेग लागतो. वारा पडलेला असेल तर तेवढ्याच वेगाने तुम्हाला पळावं लागेल, म्हणजे सेकंदाला 8 मीटरपेक्षा जास्त, आणि तेही खांद्यावर 54 किलो घेऊन. ते शक्य नाही. पण समोरून ताशी 18 किलोमीटरचा वारा असेल तर पळायचं उरतं फक्त ताशी 12 किलोमीटरने, आणि चार पावलं टाकताच पंख स्वतःचं वजन उचलू लागतो. म्हणून पायावर उडणारा माणूस वाऱ्याची वाट बघत तासन् तास बसतो. वजन 70 किलोंच्या जवळ गेलं की पाय सोडून चाक घ्यावं लागतं आणि गवताळ उतारावरून गडगडत सुटावं लागतं.

डोंगराचा दुसरा फायदा उडाल्यावर मिळतो. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेचा वारा कड्यावर आदळतो, त्याला जायला जागा वरच असते, आणि तो पाण्यालाही सोबत वर नेतो. त्याच वर जाणाऱ्या हवेच्या पट्ट्यात ग्लायडर कड्याला समांतर येरझाऱ्या घालत तासन् तास राहू शकतं. कोकणकड्यावरून हलकी वस्तू खाली टाकली की ती परत वर येते, तेही याचमुळे. पण सह्याद्रीचा पश्चिम कडा सुंदर आहे तितकाच कठोर आहे. कड्याच्या मागच्या बाजूला वारा खाली कोसळतो आणि भोवरे करतो, आणि कड्याच्या तळाशी जंगल आणि दऱ्या, उतरायला सपाट शेत नाही. म्हणूनच आपल्याकडचे लोक कामशेतसारख्या मावळातल्या बुटक्या, गोलसर टेकड्यांवर शिकतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद.

दुसरी रीत रबरी दोराची, बंजीची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं आली, तेव्हा तिथली तरुण मुलं वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागली. 1920 पासून तिथे स्पर्धा भरू लागल्या. रीत बेचकीसारखी: ग्लायडरच्या नाकाच्या हुकात जाड रबरी दोराचा मध्य अडकवायचा, दोन्ही टोकं धरून तीन-चार जणांच्या दोन तुकड्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उतारावर पसरायच्या. मागे कुणी शेपटी घट्ट धरून ठेवायची. तीन आरोळ्या: ताणा, पळा, सोडा. ग्लायडर सुटतं, दोर आपोआप गळून पडतो. इंजिन, इंधन, आवाज यांपैकी काहीही लागत नाही. अल्ट्रालाइट सेलप्लेनला ही रीत अतिशय मानवते, कारण वजन कमी म्हणजे ओढणारी माणसंही कमी पुरतात. मात्र सपाट माळावर बंजीने काही मीटरच उंची मिळते. पुढे उतार आणि समोरून वारा हवाच.

सपाट मैदान असेल तर विंच. हे आपल्याला पतंगामुळे चटकन कळतं. मैदानाच्या एका टोकाला मोटरवर फिरणारी मोठी फिरकी, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये साधारण 1000 मीटर तार किंवा सिंथेटिक दोर. फिरकी दोर गुंडाळू लागते आणि ग्लायडर पतंगासारखं तिरपं चढत जातं. दोराच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंची मिळते, म्हणजे 300 मीटरच्या आसपास, आणि तीही मिनिटभरात. तिथे पायलट हुक सोडतो. सेकंदाला 0.6 मीटरने उतरणाऱ्या ग्लायडरला या 300 मीटरांत सव्वाआठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात थर्मल सापडला तर दुपार तुमची. पुण्यात हडपसरला डीजीसीएच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये अनेक दशकं याच पद्धतीने ग्लायडर उडाली, तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही.

पण अल्ट्रालाइटसाठी इथे सावध राहावं लागतं. मोठ्या ग्लायडरसाठी बनवलेली विंच 500 किलोंचं धूड झटक्यात खेचते. तीच ताकद 150 किलोंच्या नाजूक पंखाला लावली तर पंख मोडू शकतो. म्हणून दोरात एक मुद्दाम कमजोर तुकडा घालतात, त्याला वीक लिंक म्हणतात. ओढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो तुटतो आणि पंख वाचतो. प्रत्येक ग्लायडरसाठी त्याची ताकद वेगळी असते, आणि "आज दुसराच लावू" हे कधीही चालत नाही. तो तुटला किंवा दोर तुटला तर नाक ताबडतोब खाली करायचं, वेग परत मिळवायचा, मगच उतरायचं कुठे ते ठरवायचं. नाक वर ठेवून विचार करत बसलेल्या पायलटला पंख सोडून देतो, म्हणजे वेग संपून पंख वजन उचलायचा थांबतो. ही सवय हातात भिनेपर्यंत प्रशिक्षक पुन्हा पुन्हा घोकून घेतात आणि तसंच हवं.

विंचचा एक भाऊ गाडीवर बसतो. फिरकी जीपच्या मागे, जीप पुढे पळते आणि फिरकी ठरलेल्या ताणावर ढील देत राहते. ताण वाढला की ढील जास्त, कमी झाला की ढील कमी. हलक्या यंत्रांसाठी मला ही रीत फार समजूतदार वाटते, कारण ओढ कायम मर्यादेत राहते. लांब, सरळ, रिकामा रस्ता किंवा धावपट्टी मात्र हवी.

विमानामागे ओढत नेणं ही जगभर रूढ रीत आहे, पण अल्ट्रालाइटला साधं ओढणारं विमान चालत नाही. ते ताशी 100 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने ओढतं, आणि त्या वेगाला हलकं ग्लायडर पतंगासारखं वर उसळतं. तसं झालं की ते पुढच्या विमानाची शेपटी वर खेचतं, विमानाचं नाक खाली जातं, आणि जमिनीजवळ हे घडलं तर ओढणाऱ्या पायलटला सावरायला उंचीच उरत नाही. म्हणून हँग ग्लायडर ओढण्यासाठी ड्रॅगनफ्लायसारखी मुद्दाम सावकाश उडणारी अल्ट्रालाइट विमानं बनवली गेली.

शेवटी मोटर. 200 किलो भरलेलं वजन 500 मीटर उंच न्यायला किती ऊर्जा लागते? गुणाकार करून बघा: साधारण 0.27 युनिट. पंख्याची आणि मोटरची गळती धरली तरी अर्धा-पाऊण युनिट वीज. घरातला एसी अर्धा तास ते पाऊण तास चालवायला साधारण तेवढीच लागते. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीत यापेक्षा जास्त साठते. मोटर वर नेते, मग बंद, पाती मिटली, आणि पुढे फक्त हवेचा आवाज. विंच नको, दोर ओढायला आठ मित्र नकोत. मला वाटतं, अल्ट्रालाइट सेलप्लेनचा पुढचा रस्ता हाच आहे.

आणि शिकायचं कुठून

एक गोष्ट आराखड्यांच्या पानांवर ठळक लिहिलेली नसते. ही ग्लायडर एकाच आसनाची आहेत. शेजारी बसून "नाक खाली कर" म्हणणारं कुणी नाही. त्यातलं तुमचं पहिलं उड्डाण हे एकट्याचंच उड्डाण असतं. म्हणून दोन आसनांच्या ग्लायडरवर प्रशिक्षकासोबत आधी शिकणं, किंवा निदान पॅराग्लायडिंग करून वारा आणि उतार ओळखायला शिकणं, याला पर्याय नाही. परवाना न लागणाऱ्या देशातही जाणते लोक हेच करतात.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. मग दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन आला. 13.6 मीटरच्या पंखाचा अर्धा भाग, म्हणजे 6.8 मीटर, आमच्या जिन्याच्या वळणातून वर जात नाही हे त्याने मोजून पाहिलं, आणि डोंबिवलीला मित्राच्या वडिलांच्या गाळ्यात जाईल हेही. डीजीसीएला पाठवायच्या पत्राचा मसुदा त्याने लिहिला आहे, तो मी तपासतोय. पत्राचं उत्तर येईपर्यंत मोकळं बसायचं नाही असं आमचं ठरलं आहे. पाऊस गेला की लोणावळ्याहून पुणे लोकल पकडायची, कामशेतला उतरायचं, आणि पहिले दोन दिवस जमिनीवरच, फक्त वाऱ्यात पंख डोक्यावर तोलून धरायला शिकायचं.